सुरू करण्यासाठी 'हाय' म्हणा

माझ्या दुकानाच्या पाटीवर चार चुका होत्या. सहा वर्षं ती पाटी मी रोज बघत होतो, मला एकही दिसली नाही. आमच्या शाळेतल्या बाईंना चारही चालत्या रिक्षातून दिसल्या. रिक्षा थांबली, बाई उतरल्या आणि काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. मी चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, पण हातातलं गिऱ्हाइकाचं काम तसंच टाकून ताडकन उभा राहिलो. बायकोला वाटलं पोलीस आले.

पाटीवर लिहिलं होतं, 'येथे सर्व प्रकारचे मोबाईल दुरूस्त करुन मिळतिल'. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि माझ्याच पावतीपुस्तकावर लिहीत सुटल्या. "मोबाइलमधला इ ऱ्हस्व. दुरुस्तमधला रु ऱ्हस्व. करूनमधला रू दीर्घ. मिळतीलमधली ती दीर्घ. ही पाटी आहे की माझी बदनामी?"

"बाई, पाटी रंगाऱ्याने केली."

"रंगारी कुठल्या शाळेत होता?"

"आपल्याच."

बाईंनी डोळे मिटून घेतले. चार दिवसांत पाटी नवी झाली. रंगारी स्वतः येऊन लावून गेला आणि जाताना मला दम देऊन गेला की पुन्हा बाईंना त्याचं नाव सांगायचं नाही.

आम्हा पोरांना बाईंनी मराठी शिकवलं. आमचा वर्ग म्हणजे निम्मा पनवेलचा आणि निम्मा आसपासच्या गावांतला. कोणी कोन गावचा, कोणी जासईहून मामाकडे येऊन राहिलेला. आम्ही गावातली पोरं आगरी बोलायचो. हाय, नाय, आमी, तुमी. बाईंच्या वर्गात 'हाय' आणि 'नाय' हे दोन शब्द आणायला बंदी होती. चुकून कोणी बोललंच, तर उभं राहून दहा वेळा 'आहे' आणि दहा वेळा 'नाही' म्हणायचं. "बाई, खडू नाय" म्हटलं की खडू मिळायचा, पण वीस शब्दांनंतर. पहिल्या वर्षी मी इतका वेळ उभा होतो की माझा बाक नवाच्या नवा राहिला. दुसऱ्या वर्षी सुधारलो. एकदा घरी मिठागरावरून आलेल्या आईला म्हणालो, "आई, जेवण तयार आहे का?" आईने आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग बापाला हाक मारली, "अवो, याला ताप हाय का बगा."

बाई तशा दुष्ट नव्हत्या. त्या म्हणायच्या, "उद्या बँकेत जाल, कचेरीत जाल, तिथे तुमच्या तोंडावर कोणी हसता कामा नये." आमच्यातले निम्मे पुढे बँकेत आणि कचेरीत गेले, हे खरं आहे. तिथे कोणी मराठीच बोलत नाही, हा भाग वेगळा.

बाई बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. जुन्या लोकांच्या तोंडी शनिवार तेली, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद. एके काळी त्यांच्या आळीत बरीच घरं होती, एकेक करून सगळी इस्रायलला गेली. बाईंची थोरली बहीणही गेली. बाई राहिल्या. का राहिलात, असं कोणी विचारलं की म्हणत, "तिथे लाल पेन कुठे चालवू? उजवीकडून डावीकडे लिहितात." लग्न केलं नाही. त्याबद्दल कोणी विचारायची हिंमत केली नाही. माझ्या लग्नाला मात्र आल्या होत्या. आहेराच्या पाकिटाबरोबर माझी लग्नपत्रिकाही परत केली, लाल पेनाने तपासलेली. खाली शेरा होता, 'आशय चांगला, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे'.

बाईंचा फ्लॅट तळ्याजवळ. पण वर्षातले दोन महिने त्या तिथे नसत. पळस्प्याच्या पुढे हायवे सोडला की डोंगराच्या कुशीत त्यांच्या वडिलांनी घेतलेलं एक दोन खोल्यांचं कौलारू घर आहे. त्याला सगळे वरचं घर म्हणतात. समोर एक जुनं आंब्याचं झाड, मागे सात-आठ लहान. वल्हांडणाचा, म्हणजे त्यांचा एप्रिलच्या सुमाराचा, सण उरकला की बाई वर जायच्या आणि शेवटचा आंबा उतरवून, पाऊस लागायच्या आत खाली यायच्या. दोन महिने आंब्याची राखण करायच्या. माकडांशीसुद्धा प्रमाण मराठीत बोलायच्या. "निघा इथून" असं माकडाला म्हणताना मी तरी दुसऱ्या कुणाला ऐकलं नाही.

त्या घरात मोबाइलला रेंज नाही. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी, वल्हांडणाच्या पुढच्या आठवड्यात, त्या दुकानात आल्या, पाटीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाल्या, "मला वरच्या घरी फोन लागायला हवा. शुक्रवारच्या आत."

"बाई, तिकडे रेंज नाही."

"फोन तू विकलास ना?"

"मी फोन विकतो, बाई. रेंज कंपनीची असते."

"मी तुला शिकवलं तेव्हा म्हणाले होते का, की अक्षरं माझी, वाचणं सरकारचं?"

तो फोन मीच विकला होता. मोठी बटणं आहेत का, आवाज मोठा आहे का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. 'ळ' पटकन सापडतो का, एवढं बघितलं आणि घेतला.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. मी बाईंचा हळू आवाज पहिल्यांदाच ऐकला. इस्रायलच्या ताई आता ऐंशीला टेकल्या होत्या. दर शुक्रवारी त्यांची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, त्यांच्याकडे जायची, शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीचा, स्वयंपाक करायची आणि इथे फोन लावून द्यायची. शुक्रवारचा सूर्य मावळायच्या आत बोलणं व्हायला हवं, कारण एकदा दिवे लावले की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत बाई फोनला हात लावत नाहीत. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. पण आता ताई विसरायला लागल्या होत्या. गेल्या शुक्रवारी त्यांनी बाईंना तीनदा विचारलं, कोण बोलतंय. बाईंनी तीनदा सांगितलं. मग सहज म्हणाल्या, की आता मी वरच्या घरी जाणार. तशी ताई एकदम म्हणाल्या, "आंब्याखाली?" आणि मग पाच मिनिटं नीट बोलल्या.

"तिला पनवेल आठवत नाही. तळ्याजवळचा फ्लॅट तिने पाहिलाच नाही. तिला ते घर आठवतं," बाई म्हणाल्या. "मी तिथून बोलले तर मीही आठवेन. दोन महिने बोलले नाही, तर पुढे ओळखेल की नाही कोण जाणे."

मी डोकं चालवलं. "बाई, सोपं आहे. तुम्ही फ्लॅटमधूनच बोला. सांगा, वरच्या घरून बोलतेय म्हणून. त्यांना काय कळणार?"

"म्हणजे खोटं बोलू?"

"थोडंसंच."

"व्याकरणाची चूक लाल पेनाने सुधारता येते," बाई उठून उभ्या राहिल्या. "खोटं सुधारता येत नाही. उद्या सकाळी वरच्या घरी ये."

दुसऱ्या दिवशी दुकान बायकोच्या हवाली करून मी स्कूटर काढली. वरच्या घरी पोचलो तेव्हा बाई अंगणात खडूने फुल्या मारत होत्या. सकाळपासून फोन हातात धरून त्या घरभर, आवारभर फिरल्या होत्या. जिथे रेंजची एक काडी दिसली तिथे फुली. एक फुली उंबऱ्यावर होती, एक विहिरीच्या काठावर आणि एक चक्क गोठ्याच्या दारावर. पण फुलीवर उभं राहून फोन लावला की काडी पळून जायची. विहिरीच्या काठची फुली मी पायाने पुसून टाकली.

समोरच्या डोंगरावर टॉवर दिसत होता. मी बाईंना समजावून सांगितलं, की त्याचं तोंड हायवेकडे आहे, गाड्यांतल्या लोकांसाठी. आपल्याकडे त्याची पाठ आहे.

"पाठ करून उभा आहे?" बाईंनी चष्मा नीट केला आणि टॉवरकडे असं बघितलं की मला त्या लोखंडाची दया आली. "मग त्याला वळव."

"कंपनीकडे तक्रार करावी लागेल. तुमच्याच फोनवरून. आणि इथूनच, म्हणजे त्यांना जागा कळेल."

आता फोनवरून तक्रार करायची, की फोन लागत नाही. रेंज कुठे? वर, आंब्यात. हे मी शोधलं म्हणून मला अजून अभिमान आहे. आंबे उतरवायचा झेला असतो ना, लांब बांबू आणि टोकाला जाळी, त्या जाळीत मी फोन ठेवला, स्पीकर लावला, कंपनीचा नंबर फिरवला आणि झेला हळूहळू उभा केला. पानांत शिरल्यावर वरून रिंग ऐकू आली. बाईंनी टाळी वाजवली. मग लगेच आठवलं, की आपण टाळी वाजवत नसतो, तेव्हा हात पदराला पुसले.

वरून एका बाईचा गोड आवाज आला. "नमस्कार! मी तुमची डिजिटल मैत्रीण. सुरू करण्यासाठी 'हाय' म्हणा."

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाली ती?"

"हाय म्हणा म्हणते."

"अजिबात नाही."

"बाई, ते आपलं हाय नाही. ते इंग्रजी. नमस्कार असतो तसं."

"मग नमस्कार म्हणते." बाईंनी मान वर केली, हात जोडले आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार!"

"क्षमस्व, मला समजलं नाही. सुरू करण्यासाठी 'हाय' म्हणा."

"आहे!" बाई ओरडल्या.

"क्षमस्व."

"आहे! आहे! आहे!"

दहा वेळा झालं असतं. मी झेला धरून थरथरत होतो. एक तर बांबू जड, त्यात हसू दाबलेलं. शेवटी माझा धीर सुटला आणि मी तोंड वर करून म्हणालो, "हाय."

"धन्यवाद!" मैत्रीण खूश झाली. "मी तुमची काय मदत करू?"

बाईंनी मला नजरेने बाकावर उभं केलं. पण वेळ नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात प्रस्तावना सांगायच्या तशा सांगू लागल्या, "प्रस्तुत ठिकाणी माझ्या दूरध्वनीचा संपर्क प्रस्थापित होत नाही."

"तुम्हाला नवीन कॉलर ट्यून हवी आहे का? हवी असल्यास आवाज द्या."

"नको! कदापि नको!"

"क्षमस्व, मला समजलं नाही."

आता पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही. जाळीच्या शेजारच्या फांदीवर कोकीळ बसला होता. आतापर्यंत गप्प होता. नेमका त्याच वेळी त्याने गळा काढला. "कुहू!"

"धन्यवाद! तुमची कॉलर ट्यून सुरू झाली आहे," मैत्रीण म्हणाली. आणि वरच्या वर एक बँडबाजा वाजून गेला. वरातीतलं गाणं होतं, नवरी चालली वगैरे. तेव्हापासून बाईंना जो कोणी फोन करी, त्याला आधी वरात ऐकावी लागे.

"विचार तिला, मराठी कोणी शिकवलं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही नाही, एवढं नक्की." मग मी मान वर करून सरळ आईच्या भाषेत बोललो. "रेंज नाय. फोन लागत नाय."

"तुमच्या घरी नेटवर्क नाही. तुमची तक्रार नोंदवली आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या."

बाईंनी लाल पेनाने हातावर क्रमांक लिहून घेतला. मी झेला खाली घेतला. बराच वेळ त्या ओट्यावर बसून हाताकडे बघत होत्या. मला वाटलं आता माझी शिक्षा येणार. पण त्या म्हणाल्या, "तिला तुझं कळलं. माझं एक अक्षर कळलं नाही. मग मी इतकी वर्षं केलं काय?"

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "बाई, ती यंत्र आहे." तर म्हणाल्या, "ताई यंत्र नव्हती. तीही अशीच. सुट्टीत इथे आलो की राखणदाराच्या मुलींबरोबर हिंडायची आणि आठ दिवसांत अगदी त्यांच्यासारखी बोलायला लागायची. हाय, नाय, गो. वडील रागवायचे. मी तिला सुधारायची. ह्याच झाडाखाली. ती ह्या जोडफांदीत वर बसायची आणि मी खालून म्हणायची, आहे म्हण, आहे म्हण. माझी पहिली विद्यार्थिनी. नापास." मग उठून त्यांनी मला कैरीचं पन्हं दिलं.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. चांगला ढेरपोट्या, मिशीवाला, कमरेला हत्यारांचा पट्टा. आवाराचं फाटक ढकलून रुबाबात विचारलं, "रेंजची कंप्लेंट कोनाची हाय?"

"आहे," घरातून आवाज आला.

त्याच्या हातातली पेटी खाली पडली. "बाई?" तो मला म्हणाला, "बाईंचा घर हाय? आदी सांगायचा ना, मी दुसऱ्याला पाठवला असता." कोन गावचा होता तो, माझ्या मागच्या बाकावरचा. मिशीमुळे मी ओळखलं नव्हतं.

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि टॉवर दाखवला. "तो पाठ करून उभा आहे. वळवता येईल?"

"नाय... नाही, बाई. अख्खा टावर नाही वळत. वरचा एक डबा हाय... आहे. तो दोन बोटं फिरवला तर थोडीशी येईल. पण वरून परवानगी लागते."

"उद्या शुक्रवार आहे," बाई म्हणाल्या. "परवानगी काढ, नियमाने काढ, पण उद्यापर्यंत काम व्हायला हवं. झालं तर मी मलिदा देणार आहे."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो खुर्चीतून उठला, दोन्ही कानांना हात लावले. "बाई, नाय! आमी मलिदा घेत नाय! आईशपथ! कोनी सांगितला तुमाला?"

"अरे, घेत नाहीस म्हणजे? सगळ्यांना देणार. तुझ्या साहेबांनाही ने."

"साहेबांना पण?" तो रडायच्या बेतात आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईंना काय झालाय रे? आख्ख्या तालुक्यान एक मानूस सरळ होता!"

मी मध्ये पडलो नसतो तर त्याने नोकरी सोडली असती. बाईंच्या लोकांत नवस बोलतात, एलियाहू हानबीला, म्हणजे त्यांच्या प्रेषिताला. काम झालं की मलिदा करायचा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, वर केळी-बिळी फळं. तो खाण्याचा मलिदा. हे त्याला समजावून सांगेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. बाईंना दुसरा मलिदा माहीतच नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "चांगल्या शब्दाचं वाटोळं केलंत," म्हणाल्या.

त्याने परवानगी कशी काढली माहीत नाही, पण शुक्रवारी दुपारी त्याचा मला फोन आला. "फिरवला दोन बोटं. बाईंना सांग, आता बग. आनि 'बघ' बोललो असा सांग."

मी पाच वाजता वर पोचलो. बाई नवी साडी नेसून तयार होत्या, जशा काही ताई दारातच येणार होत्या. शब्बाथचे दिवे तेल-वात घालून आत मांडून ठेवले होते. आम्ही उंबऱ्याच्या फुलीवर फोन धरला. काडी नाही. अंगणात नाही. मी झेला घेतला, फोन जाळीत ठेवून वर चढवला आणि खाली घेतला. स्क्रीनवर आत्ताच येऊन गेलेल्या मेसेजांची रांग लागली होती. म्हणजे वर रेंज होती, भरपूर होती. दोन बोटं फिरवलेला टॉवर नेमका आंब्याच्या शेंड्याशी बोलत होता. मी झेला पुन्हा वर धरून उभा राहिलो. बाई खाली खुर्चीत बसल्या, हात मांडीवर, मान वर.

पावणेसहाला फोन वाजला. झाडात, दहा हात उंचीवर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फोन उचलायला बटण दाबावं लागतं. आणि बटण दाबणारा कोणीही वर नाही. फोन आपोआप उचलला जायची सोय त्यात असते. मी रोज दहा गिऱ्हाइकांना ती करून देतो. ती करायची मी विसरलो होतो.

मी झेला सर्रकन खाली घेतला. जाळीतून फोन काढेपर्यंत काडी गेली, रिंग गेली, सगळं गेलं.

"आता?" बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चाळिशीचा माणूस, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाची पुन्हा लावेल, बाई. एकदा तरी लावेल. आता सेटिंगवर भरवसा नको, मी वर चढून बटण दाबतो."

"तुझ्या वजनाला ती जोडफांदी मोडेल. तिने माझं आणि ताईचंच ओझं उचललंय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला. "शिडी आण."

मी पुष्कळ सांगून बघितलं. पंच्याहत्तरीची बाई, पाय घसरला तर काय? पण बाईंना नाही म्हणायची मला कधी सवयच लागली नव्हती. त्यांनी फोन ब्लाउजच्या आत खोचला आणि शिडीच्या एकेका पायरीवर थांबत वर गेल्या. मी शिडी धरून खाली, तोंडाने देवाचं नाव. मिनिटभराने वरून त्यांचा आवाज आला, "बसले." पानांतून फक्त त्यांचे दोन पाय दिसत होते, चप्पल सोडलेले.

सूर्य डोंगराकडे उतरत होता. सहा वाजून गेले. फोन वाजेना. मी तोंडातल्या तोंडात एलियाहू हानबीला सांगून टाकलं, की माझ्याकडूनही एक मलिदा. सव्वासहाला वाजला.

"हॅलो? ताई?" बाईंनी स्पीकर बंद केला नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी भाचीचा आवाज आला, मग खडखड, मग एक बारीक म्हातारा आवाज.

"कोन?"

"मी गं ताई."

"मी कोन?" मग जरा थांबून, "गाना कोनी लावलाय? लगीन कोनाचा हाय?"

"कुणाचं नाही गं. ते चुकून लागलंय. मी धाकटी बोलतेय."

पलीकडे काहीच नाही. मी शिडी घट्ट धरली. मला वाटलं, संपलं.

"ताई, मी वरच्या घरून बोलतेय. आंब्यावर बसले आहे. तुझ्या जोडफांदीत."

मग तो म्हातारा आवाज खुदकन हसला. अगदी लहान मुलीसारखा. "पडशील गो धाकले!"

पानांतून दिसणारे बाईंचे पाय हलायला लागले होते.

"धाकले," ताईंनी विचारलं, "आंबा हाय का गो अजून?"

आता बाई सुधारणार. माझं आख्खं बालपण वर मान करून त्या शब्दाची वाट बघत होतं. जन्मभर त्यांनी ज्याला त्याला सुधारलं होतं, आणि सगळ्यात आधी ताईंनाच, ह्याच झाडाखाली.

"हाय," बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "हाय गो ताय. आंबा हाय, हीर हाय, घर हाय. सगला हाय."

नंतर त्या दोघी वीस मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्यात एकही वाक्य असं नव्हतं ज्यासाठी आमच्या वर्गात उभं राहून दहा वेळा 'आहे' म्हणावं लागलं नसतं. आणि मी शिडी धरून रडत होतो आणि हसत होतो.

दिवे लावायची वेळ झाली तशा बाई उतरल्या. शेवटच्या पायरीला मी हात दिला. त्यांनी पदर सोडला, केसांतलं पान काढलं, चष्मा पुसला आणि पुसलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"तू काही ऐकलंस?"

मी ताठ उभा राहिलो. "नाही, बाई. मी काहीही ऐकलेलं नाही."

बाईंनी मान डोलावली.

"वाक्य शुद्ध हाय," त्या म्हणाल्या, "पण खोटं हाय." आणि दिवे लावायला आत गेल्या.